रेघ पुसट असली तरी

दोंडाईच्याला फाल्गुनात सगळेच शिंकतात.
गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या, की वारा फिरतो
आणि बँकेतला कॅशियर, शाळेतली पोरं, एस.टी.चा कंडक्टर,
सगळ्यांचे डोळे लाल.
खोकला हे इथे लक्षण नाही,
हंगाम आहे.

म्हणून माझं काम जरा उफराटं :
जे खोकत नाहीत, ज्यांचं अंग तापलेलं नाही,
जे पोहे खाऊन, डबा घेऊन ड्युटीवर आलेत,
त्यांनाच ओळीत उभं करायचं
आणि म्हणायचं, मान मागे.

हिलालआप्पा ॲम्ब्युलन्स चालवतात.
दर सोमवारी, दर गुरुवारी तेच विचारतात,
"काय शोधस रे भो नाकमा?
मी धडधाकट शे."
धडधाकटच शोधतोय, आप्पा.
काडी पाच वेळा फिरवतो, ते पंख्याला शिव्या देतात.
निंबा मामा माझं मनगट धरतात
आणि सोडायचं विसरतात.
डॉक्टर फरहीन डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजतात,
काय ते मी कधी विचारलं नाही.

तीन थेंब. मग पंधरा मिनिटं.
टेबलावर दहा पट्ट्या, प्रत्येकीवर मार्करने नाव.
भेगाळल्या रानात पाणी सरकावं तशी ओल चढते.
सीपाशी एकेक रेघ उगवते,
टीपाशी पांढरं राहतं.
पांढरं म्हणजे आज सकाळपुरतं पांढरं,
त्याहून जास्त ते काही बोलत नाही.

आठवी पट्टी : र. वळवी.

चष्मा पुसला.
पट्टी खिडकीपाशी नेली.
धुतल्या पातळावर हळदीचा डाग राहतो ना, तसं काहीतरी.
आहे म्हटलं तर आहे.
पत्रकात लिहिलंय, तीस मिनिटांनंतर दिसलं तर धरू नये.
घड्याळात सतरा झाली होती.
पत्रकात हेही लिहिलंय,
रेघ कितीही पुसट असली तरी.

आज रात्री प्रसूतीला सिस्टर एकच, वळवी.
नववा लागलेल्या तिघी आताच येऊन बसल्यात व्हरांड्यात,
एकीने शेंगदाण्याची पुडी सोडलीये.
पट्टी पालथी घालायला
किती वेळ लागतो?
वीस वर्षं मी मलेरियाच्या काचा वाचल्या,
सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांचं रक्त, तोंड न पाहिलेल्यांचं.
हिच्या डब्यातलं लोणचं मी काल खाल्लंय.

"मला तर काहीच होत नाहीये," ती म्हणाली.
मग पट्टी पाहून हसली,
"दोन रेघा? भाऊ, अशा पट्टीवर मी बायकांकडून पेढे मागते."
कुणी हसलं का, मास्कमुळे कळलं नाही.
मग ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.
"रात्री तीन झाली," म्हणाली, "शेवटचं पावणेसहाला.
ते लवकर रडलं नाही, म्हणून मी खूप जवळ घेतलं होतं."

पेन मागितलं, तर मी टेबलावर ठेवलं आणि मागे सरलो.
सरलो, याची मला लाज वाटली आणि मी आणखी एक पाऊल सरलो.
"चार नंबरचं सलाईन दहाला संपेल.
ठगूबाईची शीर उजव्या हाताला सापडत नाही,
उगाच टोचू नका, म्हणावं."
हे तिने लिहिलं, सांगितलंही,
आणि पेन स्वतःबरोबर नेलं.

आप्पा गाडी काढतो म्हणाले. ती नको म्हणाली.
मागच्या गेटने गेली.
खिडकीतून दिसत होती, पथाऱ्यांच्या पल्याडच्या कडेने.
तोंडाला फडकी बांधलेल्या बायका मिरची उलथत होत्या,
खोकत होत्या, हसत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या.
त्या सगळ्यांत एक तीच,
संथ चालणारी,
एकदाही न शिंकता.

अकरावी पट्टी माझी.
एका हातात काडी,
दुसऱ्या हाताने मी माझंच मनगट धरलं होतं,
हे नंतर लक्षात आलं.

खोक्यात चौदा उरल्या.
गुरुवारी अकरा लागतील.
नाही,
दहा.